पाना कुणाच्या हातात?

सुताराची करवत बोथट निघाली तर आपण त्याला दारातून परत पाठवतो. त्याच सुताराच्या व्हॅनचे ब्रेक कसे आहेत, हे आपण कधी विचारत नाही. बहुतेक वेळा तोही विचारत नाही. या आठवड्यात मला एवढंच सांगायचं आहे की कामाची व्हॅन हेही अवजार आहे आणि त्याला धार लावायचं काम ज्याचं अवजार त्याचं. ते गॅरेजवाल्यावर सोडू नका, कंपनीवर सोडू नका, नशिबावर तर मुळीच सोडू नका.

आमचं सूस गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आलं, आणखी २२ गावांबरोबर. टॉवर त्याआधीच आले होते. टॉवर उभा राहिला की त्याच्यामागे दुरुस्त्या लागतात: गळका फ्लश, बसलेलं स्लायडिंग, बंद पडलेला प्युरिफायर, इंटरनेटची तुटलेली केबल. ही सगळी कामं छोट्या व्हॅनमधून येतात. सकाळी सुतारवाडीकडून सूस खिंड चढणाऱ्या गाड्यांत ईको, जुनी ओम्नी आणि छोटा हत्ती वेगळे काढून बघा. मागे पाइप, ग्राइंडर, शिडी, सिमेंटच्या अर्ध्या गोण्या. पुढे दोघंतिघं. खिंडीच्या माथ्यावरून गावाकडे उतार लागतो आणि तिथे या गाड्यांचे ब्रेक ऐकू येतात. चांगला ब्रेक ऐकू येत नसतो.

आपल्याकडच्या छोट्या कामाच्या गाड्या मुळात हाताने जपण्यासारख्या आहेत. ओम्नी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ईको आली २०१० मध्ये. दोन्हींचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचललं की इंजिन समोर. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये आला. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने तो घडवला आणि त्याला दोनच सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन दिलं. मोठा ट्रक न परवडणाऱ्या माणसाला चार चाकं मिळाली. या गाड्या साध्या आहेत म्हणूनच गावोगाव टिकल्या. असली गाडी घेऊन बोनेट किंवा सीट कधीच न उचलणं म्हणजे तिच्यातला सगळ्यात मोठा गुण फुकट घालवणं.

‘मला वेळ कुठंय?’ हे पहिलं उत्तर येतं. मिस्त्री, वेळ तुम्ही आताही देताच आहात, फक्त तो महामार्गाच्या कडेला, टो-वाल्याची वाट बघत देता. सकाळी गाडी हलवायच्या आधी तिच्या खाली वाकून बघायला कितीसा वेळ लागतो? जमिनीवर काळा डाग असेल तर इंजिन ऑइल. हिरवट किंवा गुलाबी ओल असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूने तेलकट ओघळ असेल तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो, आणि मग त्या दिवशी गाडी बाहेर काढायचीच नाही. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू दे.

ऑइल बघायचं ते गाडी सपाटीवर आणि इंजिन थंड असताना. खिंडीच्या उतारावर उभ्या केलेल्या गाडीची पट्टी खोटं बोलते. कूलंट बाटलीत बघायचं, गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची आणि किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर बघायचं, पंपावरच्या पोराला विचारायचं नाही. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे तिथे वेगवेगळे दिलेले असतात. कामाची व्हॅन रोजच भरलेली असते आणि तरी तिला हवा रिकाम्या गाडीची भरली जाते. मग टायरच्या कडा झिजतात, डिझेल-पेट्रोल जास्त लागतं, आणि उन्हाळ्यात टायर फुटला की रस्त्याला दोष. टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, हा नियम आहे. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. हे बघायला चष्मा पुरतो, मेकॅनिक लागत नाही.

एअर फिल्टरकडे सूसमध्ये तर जास्तच लक्ष हवं. नांदे-चांदे रस्त्याने दिवसभर फिरणाऱ्या गाडीने किती धूळ खाल्ली ते फिल्टर काढून जमिनीवर आपटलं की कळतं. कंपनीच्या पुस्तकात देखभालीची दोन वेळापत्रकं असतात, एक साध्या वापराचं आणि दुसरं कठीण परिस्थितीतल्या वापराचं, म्हणजे धुळीचे रस्ते, छोट्या फेऱ्या, सतत थांबणं. सूसच्या प्लंबरची गाडी दुसऱ्या वेळापत्रकात बसते. पण ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतच राहतं. ते बाहेर काढा. गाडी ज्याची रोजीरोटी आहे, त्याने त्या पुस्तकाला बिलबुकाइतकाच मान द्यायला हवा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवा, कोरडं करा, वर थोडी पेट्रोलियम जेली लावा. टोकं सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. कारण असं की गाडीचं सगळं अंग निगेटिव्हला जोडलेलं असतं. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणग्या उडतात आणि हात भाजतो. आधी निगेटिव्ह काढलेली असली तर काहीच होत नाही.

आता थांबायचं कुठे, तेही सांगतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि सीएनजी या तिन्हींना नजर तुमची, हात जाणकाराचा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल शोषलेलं तेल लवकर उकळतं, पाइपात बुडबुडे होतात आणि भरलेली गाडी लांब उतारावर असतानाच पेडल खाली जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यायचं, आणि उतार ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. सीएनजीच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते. तारीख तुम्ही लक्षात ठेवा, सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे तुम्ही बघा, पण पाना लावू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीही शिरू नये. कितीही घाई असली तरी जॅकच्या जोडीला भक्कम स्टँड हवाच.

इथवर देखभाल. खरं भांडण पुढे आहे, गाडीत बदल करण्यावर.

व्हॅन नवी येते तेव्हा मागे नुसता पत्र्याचा डबा असतो. वॉशर कुठे, एल्बो कुठे, टेफ्लॉन टेप कुठे? माणूस दिवसातला बराच वेळ शोधण्यात घालवतो. म्हणून तो रॅक करतो, आणि ते योग्यच करतो. पण आपल्याकडे रॅक म्हटलं की डोळ्यांपुढे येतो प्लायवूड. १८ मिलिमीटरचं आठ बाय चारचं एक शीट साधारण ३० ते ३५ किलोचं असतं. चार शीटं लावली की सव्वाशे किलोच्या आसपास गेलो. पहिला वॉशर ठेवायच्या आधीच दोन माणसांचं वजन गाडीत कायमचं बसलं, रोज, प्रत्येक चढाला. स्लॉटेड अँगलची हलकी चौकट आणि त्यात भाजीवाले वापरतात तसले प्लास्टिकचे क्रेट, एवढं पुरतं. क्रेट उचलून थेट गिऱ्हाइकाच्या घरात नेता येतो, हा वरचा फायदा. जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या मधोमध, हलक्या वर. सगळं बांधलेलं.

बांधलेलं का, ते आकड्यात बघा. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी कुठे आदळली तर मागचा सुटा हातोडा, व्हाइस, केमिकलचा डबा त्याच वेगाने पुढे येतो. तो वेग म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडलेल्या वस्तूचा वेग. तिसऱ्या मजल्यावरून पडणारा व्हाइस मानेवर घ्यायला कुणी तयार होईल का? मग चालकाच्या मागे लोखंडी जाळी आधी आणि म्युझिक सिस्टिम नंतर. माझ्या लेखी छोट्या व्हॅनमधला सगळ्यात मोलाचा बदल ही जाळीच.

भोकं पाडताना खाली काय आहे ते वाकून बघा. इंधनाची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग, सगळं त्याच पत्र्याखालून गेलेलं असतं. शक्यतो गाडीत आधीपासून असलेली बोल्टची ठिकाणं वापरा. नवं भोक पाडावंच लागलं तर कड घासा, प्रायमर मारा, सीलंट भरा. मुळशीचा पाऊस उघड्या पत्र्याला सोडत नाही. त्यात सिमेंट आणि पीओपीची पूड रबरी मॅटखाली ओली होऊन बसली की ती जागा वाळतच नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मॅट उचलून पत्रा कोरडा करा, दरवाज्यांच्या तळाशी असलेली पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. गाड्या नुसत्या इंजिनामुळे मोडीत जात नाहीत, या बुजलेल्या भोकांमुळेही जातात.

विजेचं काम करताना मला सगळ्यात जास्त भीती वाटते. गाडीत इन्व्हर्टर बसवून ग्राइंडर चालवायची हौस अनेकांना असते. ८५० वॉटचा ग्राइंडर १२ व्होल्टवर चालवायचा म्हणजे बॅटरीतून ७० अँपियरच्या वर ओढणार, इन्व्हर्टरमधला तोटा धरला तर ८० च्या घरात. आणि जोडलेली असते घराच्या पॉइंटची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, जी याच्या निम्म्या करंटलाही बनलेली नाही. ती तापते, तिचं प्लास्टिक वितळतं, आणि बाजूला थिनरचा डबा असतो. फ्यूज हा उपकरणाला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याचा तुकडा घालणाऱ्याने आपल्याच गाडीला आग लावायची तयारी केली, असं मी म्हणतो. ग्राइंडर गिऱ्हाइकाच्या घरच्या सॉकेटवर चालवा. गाडीत हवा तर मागच्या डब्यात एक एलईडी पट्टी, योग्य फ्यूजसह, आणि बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलचा छोटा चार्जर. एवढं घरी करता येतं आणि रोज उपयोगी पडतं.

छोट्या हत्तीला पाटा वाढवणं हा तर सर्रास प्रकार. मागच्या पाट्यांत एक जादा पाटा घातला की गाडी बसत नाही आणि मालकाला वाटतं वजन पेलण्याची ताकद वाढली. ताकद पाट्याची वाढली. ब्रेक तेवढेच राहिले, धुरा तेवढाच, चासी तेवढीच, टायर तेवढेच. पूर्वी गाडी खाली बसायची तेव्हा ती निदान सांगत तरी होती की ओझं जास्त झालंय. आता ती बोलायची बंद झाली. कायद्यात जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड आहे. पण खिंडीच्या उतारावर दंडाची पावती ही सगळ्यात स्वस्त शिक्षा असते. वरच्या कॅरियरवर मागेपुढे लोंबणारे पाइपही तसेच. ईकोची लांबी ३,६७५ मिलिमीटर आणि पाइप वीस फुटी, म्हणजे सहा मीटरच्या वर. गाडीबाहेर आलेल्या मालालाही २० हजारांचाच दंड आहे. दुकानातच तीन मीटरचे तुकडे करून घ्या आणि कपलिंग लावा. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे कपलिंगपेक्षा महाग आहेत.

आता कायद्याकडे वळतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जसं बनवलंय, त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. हेतू बरोबर आहे. कर्णकर्कश सायलेन्सर आणि रुंद टायरांवर लगाम हवाच. पण पाना-पक्कड नीट ठेवायला रॅक करणारा प्लंबर आणि रात्री दोन वाजता बायपासवर फटाके फोडत जाणारा हिरो यांना एकाच शब्दात तोलणं अन्यायाचं आहे. ‘बदल’ म्हणजे किती आणि कुठला, याचं साधं मराठीत लिहिलेलं एक पान त्या प्लंबरच्या हातात कुणी ठेवत नाही. तोवर माझा सल्ला असा: पाच सीटची खासगी ईको घेऊन मागचं सीट उपटू नका, मालवाहू म्हणून नोंदलेलीच घ्या. रॅक असा करा की चार बोल्ट काढले की तो सामानासारखा बाहेर येईल. वेल्डिंग नको.

जपानमध्ये सुझुकीचीच एव्हरी ही छोटी व्हॅन आहे, आपल्या ओम्नीच्या घराण्यातली. तिच्या आतल्या भिंतींना कारखान्यातच आटे असलेले नट बसवून देतात. मालक बाजारातून रॅक आणतो आणि बोल्ट पिळतो. भोक नाही, गंज नाही, वाद नाही. जर्मनीत गाडीत बदल केला तर तपासणी संस्थेचा अभियंता तो बघतो, पास करतो आणि तो गाडीच्या कागदावर चढतो. म्हणजे बदल करायचा रस्ता उघडा आहे, फक्त त्यावर तपासनीस बसलेला आहे.

आपल्याकडे हे अशक्य का असावं? देशातल्या गाड्या तपासणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यात आहे, वेताळ टेकडीवर. सूसहून पाषाण ओलांडलं की ती टेकडी दिसते. तिथे कंपन्यांची नवी मॉडेलं तपासली जातात. मग छोट्या मालवाहू व्हॅनसाठी रॅकचे आणि जाळीचे चार-पाच आराखडे एकदाच तपासून, मंजूर करून, मोफत उपलब्ध करून द्यायला काय हरकत आहे? भवानी पेठेतला किंवा पिरंगुटचा कुठलाही फॅब्रिकेटर त्या मापाने रॅक करेल आणि आरटीओ एका शिक्क्यात त्याची नोंद करेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून पोर्टल सुरू केलं आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. हक्क द्यायचाच असेल तर तो सुटे भाग आणि माहितीपाशी थांबवू नका, या रॅकपर्यंत आणा. आणि व्हॅन बनवणाऱ्या कंपन्यांनो, ते नट आपल्याही गाड्यांच्या भिंतींना द्या.

शेवटचा टोला आपल्याला, म्हणजे सूस-म्हाळुंगेच्या सोसायट्यांतल्या माझ्यासारख्या रहिवाशांना. आपल्या घरातलं पाणी थांबवायला आलेल्या माणसाची व्हॅन आपण गेटबाहेर, उतारावर, पावसात उभी करायला लावतो. त्याने सीट उचलून ऑइलची पट्टी काढली की वॉचमन धावत येतो. आपल्या पाहुण्यांसाठी राखलेल्या जागा मात्र कामाच्या दिवशी दुपारभर रिकाम्या असतात. प्रत्येक सोसायटीने एक सपाट, छप्पर असलेली जागा, एक नळ, एक दिवा आणि जुनं ऑइल ठेवायला एक झाकणाचा पिंप एवढं रविवारी सकाळी आपल्याकडे नेहमी येणाऱ्या कारागिरांना खुलं करावं. जुनं ऑइल घातक कचरा आहे, ते ओढ्यात जायला नको, आणि पिंप भरला की अधिकृत पुनर्वापरवाल्याला देता येतं. खर्च किरकोळ आहे. येत्या वार्षिक सभेत आमच्या सोसायटीत हा ठराव मी मांडणार आहे. तुमच्याकडे कोण मांडतंय?